वाचकांचे प्रश्न : कानात सांगितलेली ओळ

गेल्या अंकात ध्वनिमुद्रणाबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं बरीच आली, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच दुखणं होतं: यंत्रं सुधारली, मग गाणं पूर्वीसारखं का लागत नाही? मी १९८६ पासून पुण्यात रेकॉर्डिंग करते. सुरुवात सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर, स्पूल टेपवर झाली. आता एरंडवण्यात माझी स्वतःची छोटी खोली आहे, तिथं सगळं संगणकावर चालतं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या पत्रांचं मूळही तिथंच आहे.

प्रश्न : माझं वय ७४. माझ्याकडे अभंगांची एक जुनी एलपी आहे. नातवानं तेच अभंग मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावून दिले. खरखर नाही, आवाज स्वच्छ आहे, तरी दहा मिनिटांत कान थकतात. नवी गाणी तर पाच मिनिटंही ऐकवत नाहीत. नातू म्हणतो, "आजोबा, तुमचे कान म्हातारे झालेत." खरं काय? की मोबाइलसाठी फाइल लहान करतात म्हणून असं होतं? — एक वाचक, सहकारनगर

काका, वय झालं की वरचे बारीक आवाज कमी ऐकू येतात, एवढं नातवाचं बरोबर आहे. पण त्यानं कान थकत नाहीत. ते शिणतात दुसऱ्याच कारणानं, आणि ते तुम्हाला घरच्या घरी तपासता येईल. तोच अभंग पुन्हा दोन्हीकडून लावा. आधी एलपी, मग मोबाइल. या वेळी गायकाकडे लक्ष देऊ नका, फक्त तानपुरा ऐका. एलपीवर तो मागे एकसारखा चाललेला असेल. मोबाइलवरची प्रत नव्यानं 'रिमास्टर' केलेली, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगच्या आवाजावर बाजारात जाण्याआधीचा शेवटचा हात (मास्टरिंग) पुन्हा फिरवलेली असेल, तर वेगळंच ऐकू येईल. गायक ओळ संपवून श्वास घेतो, की तानपुरा फुगून पुढे येतो. गायक तार षड्जाला भिडला, की तानपुरा दबतो. पुन्हा थांबला, पुन्हा फुगला. तानपुऱ्यावर बसलेला शिष्य असं करत नाही, त्याची बोटं एका वजनानं चालतात. हा चढउतार मागाहून यंत्रानं घातलेला असतो. एकदा तो कानाला सापडला की पुढे दर वेळी ऐकू येतो.

या यंत्राला लिमिटर म्हणतात, आता ते संगणकाच्या आत असतं. काम सोपं आहे. गाण्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाला छत घालायचं आणि बाकी सगळं त्या छताजवळ उचलून आणायचं. पखवाजाच्या थापेचं टोक कापलं जातं, कुजबूज वर येते आणि हळू-मोठ्यातलं अंतर मिटत जातं. आवाजाचा लगाव म्हणून आपण ज्याची वाहवा करतो, त्यातला बराचसा या अंतरातच असतो. सगळंच सारख्या जोरानं पुढे आलं की कानाला विसावा मिळत नाही. तुमची तक्रार हीच आहे.

हे का करतात? दोन गाणी एकापाठोपाठ लावली तर मोठं वाजणारं गाणं पहिल्या क्षणी चांगलं वाटतं. कानाची ती जुनी खोड आहे. रेडिओवर आणि दुकानातल्या प्लेअरवर आपलंच गाणं उठून दिसावं म्हणून १९९० च्या दशकापासून जगभर सगळ्यांनी चढाओढीनं आवाज उचलला. सीडी १९८२ साली आली तेव्हा तिच्यात अगदी हळूपासून अगदी मोठ्यापर्यंत ९६ डेसिबलची जागा होती. तेवढं अंगण मिळालं, आणि सगळे उंबरठ्यावर दाटी करून उभे राहिले. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन बँडचा अल्बम आला, तेव्हा त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली प्रत सीडीपेक्षा मोकळी वाजते हे श्रोत्यांनीच पकडलं. नव्यानं मास्टरिंग करा, अशा मागणीवर हजारोंनी सह्या केल्या.

यात माझाही हात आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००९ च्या सुमारास एका कंपनीसाठी मी अभंगांची सीडी केली. गाणाऱ्या बाई सत्तरीच्या. कंपनीतून निरोप आला, "दुसऱ्या सीडीनंतर लावली की बारीक वाजते, उचला." मी आठ डेसिबलनं उचलली. दोन दिवसांनी बाई ऐकायला आल्या. डोळे मिटून शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ही ओळ मी विठ्ठलाच्या कानात सांगावी तशी गायले होते गं. इथं तर मी त्याला लांबून हाका मारतेय." मी कंपनीशी भांडायला हवं होतं. भांडले नाही, त्यांची तारीख जवळ आली होती. सीडी तशीच बाजारात गेली. बाई आता नाहीत. तेव्हापासून प्रत्येक कामाची न दाबलेली प्रत मी गायकाच्या हातात देते, कंपनी मागो वा न मागो.

तुम्ही फाइल लहान करण्याबद्दलही विचारलं आहे. वर सांगितलेल्या आवाज दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. हेही कॉम्प्रेशनच म्हणवतं, पण हे काम निराळं. नाव एक असल्यानं फार घोळ होतो. सीडीवर दर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते. जुन्या १२८ च्या एमपीथ्रीत तिचा अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, या हिशोबानं तो काढून टाकतात. झांज वाजली की पाण्यात बुडाल्यासारखी 'श्वाऽऽ' येते ती यामुळे. २५६ किंवा ३२० ची फाइल असेल तर मात्र चांगल्या स्पीकरवर मलाही दर वेळी फरक सांगता येत नाही. म्हणून सगळा दोष एमपीथ्रीवर टाकणं मला पटत नाही. २०२१ पासून ॲपल म्युझिकवर तर काहीही न गाळलेली फाइल त्याच पैशांत मिळते. पण मास्टरिंगमध्येच दाबलेलं गाणं न गाळता पाठवलं, तरी दाबलेलंच पोहोचतं.

नातवाला तीन गोष्टी सांगा. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा ठेव. त्याच अभंगाची जुनी, रिमास्टर न केलेली प्रत मिळते का बघ. आणि फोन वायरनं आजोबांच्या ॲम्प्लिफायरला जोड, कारण ब्लूटूथ तीच फाइल आणखी एकदा लहान करतं आणि लहान स्पीकरमध्ये बहुधा डावं-उजवं एकत्र होऊन जातं. कान अजून वीस वर्षं पुरतील तुम्हाला.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, स्वतः गाणी लिहून चाली लावते. माझं मिक्सिंग करणारे दादा म्हणतात, सुरुवातीचा आलाप काढ, मुखडा सात-आठ सेकंदांत आला पाहिजे, अडीच मिनिटांत गाणं संपव, नाहीतर लोक पुढे सरकवतात. त्यांचं ऐकू का? — एक वाचक, कोथरूड

तुला 'तू' म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. तुझे दादा हिशोबानं चुकलेले नाहीत. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. दहा मिनिटांची बंदिश पूर्ण ऐकली तरी एकच, दोन मिनिटांचं गाणं ऐकलं तरी एकच. २०२४ पासून तिथं आणखी एक अट आहे. मागच्या १२ महिन्यांत एक हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचा वाटाच मिळत नाही. पैसा असा मोजला गेला की गाणी आखूड होणार आणि मुखडा दारातच उभा राहणार.

पण वेळेची कात्री आजची नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा होती. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि गाणं कोणाचं ते तिथल्यांना कळावं म्हणून शेवटी त्या स्वतःचं नाव सांगायच्या. तेवढे सेकंदही त्या तीन मिनिटांतूनच जायचे. अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांनी १९१३ साली इथं पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, त्यांची मोठी कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचली ती असल्याच तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तीन मिनिटांत काय मावतं ते तिथं ऐक. पहिला स्वर लावतानाच त्या रागात बसलेल्या असतात, घाई कुठेच नाही. आलाप त्यांनी टाकलेला नाही, एका ओळीच्या आत आणून ठेवला आहे. तुझा आलाप असा मुखड्याच्या आत येत असेल तर आण, गाणं घट्ट होईल. येत नसेल तर तो जागेवर ठेव.

मला फरक दिसतो तो एवढाच. तेव्हा मर्यादा तबकडीची होती, ती गाणाऱ्याला आधी माहीत असायची आणि एकदा सुई ठेवली की ऐकणारा बसायचा. आता नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवर, कानात इअरफोन, अंगठा स्क्रीनवर, अशा माणसाला धरून ठेवायचं आहे. त्या गोंगाटात तुझी हळू ओळ पोहोचत नाही, मग ती उचला, असं सुरू होतं. गाणं पोहोचवण्याची पद्धत ऐकणाऱ्यालाही घडवते, हे लक्षात ठेव. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमा आणि सुधीर फडके यांनी वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी दिली. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती. त्यांच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. ती सांगायची, आदल्या दिवशी पेपरात शब्द वाचून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी चाल काय असेल म्हणून जिन्यावर बसायचो. आठवडाभर थांबलेली माणसं पहिल्या सात सेकंदांत उठून जात नाहीत.

आणि एक गोष्ट तुझ्या दादांनाही सांग. तबकडीला तीन मिनिटं, एलपीच्या बाजूला वीस-बावीस, कॅसेटच्या बाजूला तीस किंवा पंचेचाळीस, सीडीला ७४. आता पहिल्यांदाच लांबीला कुंपण उरलेलं नाही. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आल्यापासून सवाई गंधर्वमधली रात्रभराची मैफल गेली. मध्यरात्रीचा दरबारी आता मी घरी, दिवा मालवून, फोनवर ऐकते. तासा-तासाची जुनी रेकॉर्डिंगं आहेत, आणि खाली माणसं दाद देऊन गेलेली दिसतात, रात्रीच्या दोन वाजताही. हे ऐकणारे थोडे असतील, पण ते पुढे सरकवत नाहीत. अडीच मिनिटांची एक प्रत काढायची तर काढ. पूर्ण प्रत तिच्या शेजारीच ठेव, नावात 'संपूर्ण' लिहून.

आवाज दाबून घेऊ नकोस. स्पॉटिफाय आणि यूट्यूब आता वजा १४ एलयूएफएस या मापाच्या वर गेलेलं गाणं स्वतःच खाली आणतात. हे माप कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं. म्हणजे ठोकून मोठं केलेलं गाणं तिथं मोठं वाजतच नाही, पखवाजाची टोकं मात्र कापलेलीच राहतात. ज्या चढाओढीपायी मी त्या बाईंची ओळ घालवली, ती चढाओढ आज निरर्थक झाली आहे. तरी रोज गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, लाउड पाहिजे." मी दोन्ही प्रती सारख्या पातळीवर आणून ऐकवते. समोरासमोर ऐकल्यावर मोकळी प्रत घेऊन जाणारे वाढले आहेत.

प्रश्न : मी गाण्याचा क्लास घेते. माझ्या शिष्येनं एका स्टुडिओत बंदिश रेकॉर्ड केली. तिथं न विचारता ऑटोट्यून लावलं. एकही स्वर बेसूर नाही, तरी मला तो आवाज तिचा वाटत नाही. मी जुन्या वळणाची म्हणून असं वाटतं का? — एक वाचक, नारायण पेठ

नाही हो ताई, तुमचं बरोबर आहे आणि त्याला माप आहे. ऑटोट्यून १९९७ साली आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरींचं गणित करायचे. तो प्रोग्रॅम सहसा पियानोच्या बारा पट्ट्यांवर लावून ठेवलेला असतो, गळ्यातला स्वर जवळच्या पट्टीवर ओढतो. आता तुमच्या तानपुऱ्याकडे या. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पियानोचा गंधार या गंधारापेक्षा १४ भागांनी चढा आहे. तुमची शिष्या रियाजानं खऱ्या गंधारावर लागली असणार. यंत्रानं तिला तिथून उचलून चढ्या गंधारावर बसवलं. मागे तानपुरा त्याचा गंधार सांगतो आहे, पुढे गळा दुसरा सांगतो आहे. दोघं भांडतात, आणि तुम्हाला ते ऐकू येतं. मींडेचा तर जिनाच होतो, घसरण जाते आणि पायऱ्या उरतात. दरबारीचा आंदोलित गंधार यातून गेला तर राग ओळखू येणार नाही.

पेटीबद्दलही असाच वाद झाला होता. तिचे स्वर बांधलेले म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बंद ठेवली. पण पेटीवाला गळ्यामागून जातो, गायक जिथं थांबेल तिथं हात उचलतो. इथं गळ्यालाच ओढून नेतात. चित्रपटगीतात, रॅपमध्ये कुणी मुद्दाम तो रंग म्हणून वापरत असेल तर वापरू दे. बंदिशीवर न विचारता लावणं चूक आहे. त्या स्टुडिओकडून मूळ टेक, म्हणजे ऑटोट्यून लावण्याआधीचं रेकॉर्डिंग, मागून घ्या, तो असतोच. एखादा स्वर खरंच उतरला असेल तर तेवढाच हातानं दुरुस्त करता येतो. त्याहून चांगलं, मुलीला पुन्हा गाऊ द्या. संगणकावर टेकला पैसे पडत नाहीत. स्पूल टेप महाग होती तेव्हा तिसरा टेक मागायला आम्हाला भीती वाटायची.

प्रश्न : वडिलांच्या घरगुती बैठकीची १९८८ ची एक कॅसेट सापडली आहे. फोनमध्ये कशी घ्यावी? दुकानदार म्हणाला, खरखर काढून स्वच्छ करून देतो. — एक वाचक, बिबवेवाडी

दुकानात देऊ नका, आधी स्वतः बघा. कॅसेट पेन्सिलनं थोडी फिरवून टेप अडकत नाही ना ते पाहा. मग चांगल्या डेकवर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे न्या. इतकी वर्षं एका जागी बसलेली टेप अशी सुटते. डेकचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो पाव आट्याहूनही कमी, हळूहळू इकडेतिकडे करा. वडिलांच्या उच्चारातला 'स' ज्या जागी सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथं सोडा. तेवढ्यानं अर्धी घुसमट जाते, कुठलंही सॉफ्टवेअर न लावता. मग लाइन आउटमधून संगणकात घ्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. पातळी लाल खुणेपासून बरीच खाली ठेवा.

खरखर काढायचं सॉफ्टवेअर टेपच्या 'हिस्स'बरोबर तानपुऱ्याच्या वरच्या लहरीही नेतं, आणि श्वासही. काढायचीच असेल तर दुसऱ्या प्रतीवर काढा, पहिली तशीच राहू द्या. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि कॅसेट फेकू नका. सुरुवातीला माणसं बसतानाचे आवाज असतील, कुणी तबला ठोकून मिळवत असेल, वडील "हं, चला" असं काही म्हणत असतील. दुकानदार हे सगळं कापून गाण्यापासून सुरू करतात. त्याला सांगा, पहिल्या सेकंदापासून हवं.